फोटोतला रानढेकूण

डोमाचं घर दोन गोष्टींवर चालायचं: तळ्यातली मासळी आणि रानातले कोशाचे किडे. आरमोरीच्या ढिवर मोहल्ल्यात बहुतेकांचं तसंच होतं. फरक एवढाच, की बाकीचे ही कामं करताना बोलायचे. डोमा बोलायचा नाही. "याच्या जाळ्यात मासा येते तो याले मुका समजून दया येते म्हणून," असं त्याची आई रुखमाबाई म्हणायची.

कोशाचे किडे म्हणजे ज्यांच्या कोशातून टसरचं रेशीम निघतं ते. हे किडे घरात वाढत नाहीत. त्यांना रानातल्या ऐनाच्या झाडांवर चढवावं लागतं, आणि ते कोश बांधेपर्यंत राखणाऱ्याने तिथेच झोपडी टाकून राहायचं. या दिवसांत जावयासारखी बडदास्त किड्यांची आणि संन्याशासारखे हाल राखणाऱ्याचे. एक वेळ जेवायचं, अंगाला तेल नाही, दाढीला वस्तरा नाही, बायकोचं तोंड पाहायचं नाही आणि मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही. ढिवराच्या पोटी जन्मून हे शेवटचं पाळायचं, यापुढे बाकीचे नियम किरकोळच. जरा विटाळ झाला की किडे मरतात, अशी मोहल्ल्याची खात्री होती. किड्यांना कोणी विचारलं नव्हतं.

सोवळं सोडूनही काम असतंच. दिवस उगवायच्या आधी एकेक झाड पाहायचं, पाखरांवर गुलेर चालवायची, मुंग्या झाडायच्या, आणि किड्यांना चिकटणारे रानढेकूण बांबूच्या चिमट्याने वेचून मारायचे. या वेचण्यात डोमाचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

छप्पन सालच्या नवरात्रात डोमाच्या या तपोवनात गुणवंतराव फोटोग्राफर येऊन थडकले. ब्रह्मपुरीला त्यांचा स्टुडिओ होता. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस, आणि पुढे घामाने निथळणारी नवराबायको. या नवराबायकोंना गुणवंतराव कंटाळले होते, कारण ती हलत. कोणीतरी त्यांना सांगितलं, की कोशाचा किडा पान खाऊन सुस्तावला की घटकाभर जागचा हलत नाही. गुणवंतरावांना वाटलं, आपल्याला हवं ते गिऱ्हाईक हेच. त्यांनी सायकल आणि कॅमेऱ्याची पेटी डोंग्यात घातली आणि वैनगंगा ओलांडली.

डोमाने त्यांना आधी ओढ्यात बुचकळून काढलं, कारण त्यांच्या डोक्याला चमेलीचं तेल होतं. मग ओल्या धोतराने, अनवाणी, गुणवंतरावांनी तिकाटणं मांडलं, कॅमेऱ्याचा भाता लोहारासारखा लांबवर ताणला आणि काळ्या फडक्यात डोकं घातलं. "हां, जरा मान वर!" ते सवयीने किड्याला म्हणाले. डोमा त्या दिवशी हसला होता म्हणतात. फोटोची काच भरून गुणवंतराव परत गेले.

दसरा झाला आणि डोमाचा मुलगा तापाने गेला. वर्षाचाही नव्हता. बाप रानात, आजी रडण्यात, तेव्हा मोहल्ल्यातल्या माणसांनी माती दिली. दुसऱ्या दिवशी डोमाची बायको कुंता एकटीच रानाकडे चालत गेली. ऐनाच्या राईला काट्याचं कुंपण असतं. त्याच्या बाहेर उभी राहून तिने हाक मारली आणि म्हणाली, "आपलं लेकरू गेलं." डोमा झाडाखाली उभा होता. त्याने ऐकलं. ती थोडा वेळ थांबली आणि परत आली.

पुढच्या आठवड्यात किडे मरू लागले. हिरवेगार, बोटाएवढे किडे काळे पडून फांदीवरून दोरीसारखे लोंबू लागले. डोमाचं सगळं पीक गेलं आणि शेजारच्या राईतलंही अर्धं गेलं.

आता इथे मोहल्ल्याचा कायदा समजून घ्यायला हवा. सुतक मरणाने लागत नाही, ऐकण्याने लागतं. कानावर बातमी पडली नाही तोवर बाप सोवळाच. म्हणजे कुंता सांगायला गेली नसती तर डोमाला सुतक नव्हतं आणि किड्यांना काही झालं नसतं. या हिशेबात कुठेच खोट काढता येत नव्हती. कुंताला सुनेच्या जागेवरून उठवून गुरांच्या कोठ्यात ठेवलं होतं, आणि दिवाळीच्या आधी पंच बसणार होते. दोष तिच्यावर आला तर काडीमोड करून तिला माहेरी कुरखेड्याला धाडायचं, कायमचं, हे ठरल्यातच जमा होतं.

पंच रुखमाबाईच्या अंगणात बसले. मुख्य वारलूबुवा. हा म्हातारा इतका न्यायी, की निकाल आधीच करून येई, म्हणजे ऐकताना मन विचलित होत नसे. डोमा खांबाला टेकून बसला होता. कुंता कोठ्याच्या दारात उभी होती. तिच्या कडेवर कोणी टोपलं ठेवलं असतं तरी तिला कळलं नसतं, अशी.

"तू सांगाले काऊन गेली वं?" वारलूबुवाने विचारलं.

"बाप होता म्हणून."

"चार दिवस थांबता नाई येत होतं?"



"बोल ना वं!" रुखमाबाई म्हणाली. "आता काऊन दातखीळ बसली?"

एवढ्यात सायकलची घंटी वाजली आणि गुणवंतराव अंगणात आले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. काखेत साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं भलंमोठं काहीतरी होतं. "डोमा! अरे, काय उतरलाय तुझा किडा! नागपूरच्या प्रदर्शनात मांडण्याजोगा!" आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी सुपाएवढा फोटो पंचांच्या मधोमध ठेवला.

पंच वाकले. किड्याला सगळ्यांनी ओळखलं. पण त्याच्या पाठीवर आणखी एक जनावर होतं, तळहाताएवढं, ढालीसारखं, खांद्यांना दोन टोकं.

"कासव होय," एक पंच म्हणाला.

"कासव झाडावर चढते का बे?"

"मंग शिंगाचा हाय. हल्या होय."

"किड्यावर म्हशीचा हल्या? डोळे तपासून घे तुहे!"

गुणवंतरावांनाही ते काय आहे ते ठाऊक नव्हतं. काच धुतल्यावरच ते दिसलं होतं, आणि त्यांनी ते निसर्गाचं सौंदर्य म्हणून मोठं केलं होतं. "भुंगेरा असावा," ते भारदस्तपणे म्हणाले. "याची बायको असेल."

नखाएवढी वस्तू सुपावर पसरली आणि तिचा तांबडा रंग काढून घेतला, की जन्मभर तिला चिमटीत धरणाऱ्यांनाही ती ओळखू येत नाही. वारलूबुवाने फोटो उलटा धरून पाहिला. मग हे रानातलं देवकार्य असावं असं ठरवून हात जोडायच्या बेतात तो होता.

"रानढेकूण होय," डोमा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो जागचा उठला नव्हता.

"सोंड खुपसली हाय पाहा. रस पिऊन राह्यला. असा पेला का किडा काळा पडते."

वारलूबुवाने फोटो सुलटा केला. सोंड दिसली. सुईसारखी, किड्याच्या पाठीत गेलेली.

"फोटो कवा काढला?" त्याने विचारलं.

"नवरात्रात," गुणवंतराव म्हणाले. आवाज आता खाली आला होता.

नवरात्रात लेकरू अंगणात रांगत होतं. हे कोणाला सांगावं लागलं नाही.

"म्हंजे ढेकूण आधीच आला होता," वारलूबुवा सावकाश म्हणाला. "पण दरसालच येते. तू वेचते."

"वेचत होतो," डोमा म्हणाला. "ते सांगून गेली, त्याच्यानंतर नाई वेचले. झोपडीत पडून राह्यलो. दिसत होते मले, झाडाझाडावर. हात उठत नोहता. राखणाऱ्यानं रानात रडू नये म्हणते, म्हणून रडलोई नाई. मंग हे सारे हिलेच बोलून राह्यले, तरी तोंड उघडलं नाई. कसं उघडलं नाई, मलेच मालूम नाई."

पंचांना पेच पडला. ढेकणाला काडीमोड देता येत नव्हती, आणि बापाला रडला नाही म्हणून दंड करावा असा कायदा नव्हता. वारलूबुवाने बराच वेळ मिशी चावली आणि शेवटी म्हणाला, "बाईवर दोष नाई. उठा."

पंच उठले. गुणवंतराव फोटो फडक्यात गुंडाळू लागले, गाठ बसेना. रुखमाबाई सुनेकडे न पाहता म्हणाली, "ये, घरात ये. चूल पेटव."

कुंता आली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही नव्हतं. चुलीपाशी जाऊन तिने काटक्या मोडल्या. डोमा तिच्यामागे आत गेला आणि भिंतीशी बसला.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

कुंताने मागे वळून पाहिलं. वारलूबुवा अजून अंगणात, पायात वहाणा घालत होता.

"सांगू?" तिने विचारलं. नवऱ्याला विचारलं की म्हाताऱ्याला, ते कळलं नाही.

वारलूबुवा वाकलेलाच राहिला.

"सांग," डोमा म्हणाला.

मग तिने सांगितलं. ताप कधी चढला, दूध कधी सोडलं, कोणत्या कुशीवर निजवलं होतं, कोणी उचललं, मातीत ठेवताना अंगावर कोणतं फडकं होतं. तांदळातले खडे वेचताना बाई शेजारणीशी बोलते, तशा आवाजात. मधेच काटक्या विझल्या, त्या तिने फुंकून पुन्हा पेटवल्या आणि राहिलेलं सांगू लागली.