वाढत्या अंगाची क्लिप

होज क्लिपवर कोणी किस्से सांगतं का, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारलं असतं. पण ऐंशीनंतरची बरीच वर्षं मी मरोळच्या एका गॅरेजचं स्टोअर सांभाळलं. गिऱ्हाईक क्लिप घेऊन जायचं आणि किस्सा काउंटरवर विसरून जायचं. असे किती साठले म्हणून सांगू!

क्लिप म्हणजे काय, तर रेडिएटरचं पाणी इंजिनाकडे नेणाऱ्या रबरी पाइपाला टोकाशी आवळून धरणारा स्क्रूवाला पट्टा. मोठी घेतली तर पाणी गळतं, लहान घेतली तर पाइपावर चढतच नाही. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यातही वाट लावणारी माणसं असतात यार!

ती बसवायचं काम बागव्याचं. बागवे आमचा मेकॅनिक, कणकवलीकडचा. हात झकास चालायचा, पण लग्न काही जमत नव्हतं. आईने गावाहून बजावलं होतं की ह्या दिवाळीपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर मुंबई सोडायची आणि घरी येऊन काजूची बाग बघायची. त्याला मुंबई सोडायची नव्हती आणि आम्हाला तो. त्यामुळे बागव्याचं लग्न ही अख्ख्या गॅरेजची काळजी होऊन बसली होती.

*

बोरिवलीचे साठे, बँकेत साहेब. त्यांची गाडी फाटकाबाहेर वाफा सोडत उभी. मी म्हटलं, "पाइप केवढा आहे ते बघून या."

साठ्यांनी रुमाल लावून पाइप मुठीत धरला आणि मूठ तशीच गोल ठेवून परत निघाले. वाटेत कोणी पत्ता विचारला, तो मानेनेच दाखवला. चष्मा नाकावर घसरला, घसरू दिला. माप अगदी जिवापाड जपत काउंटरपर्यंत आणलं. तेवढ्यात आमचे नेरूरकर शेठ केबिनमधून बाहेर आले आणि वाकून म्हणाले, "नमस्कार साठेसाहेब!"

साठ्यांनी सवयीने दोन्ही हात जोडले. मग स्वतःच्याच हातांकडे बघत ओरडले, "अहो, गेलं ना माप!"

*

घाटकोपरच्या एक काकू. यजमान गाडीत बसून राहिलेले, खरेदीला काकू. जुनी क्लिप नमुन्याला आणली होती, म्हणजे प्रश्नच मिटला. मी तशीच नवी काढून दिली. काकूंनी ती उलटसुलट फिरवली आणि म्हणाल्या, "जरा मोठी दाखवा."

"काकू, माप हेच आहे."

"आज आहे हो! पण पुढच्या वर्षी? वाढत्या अंगाचीच द्या."

बागवे एका गाडीखाली झोपून काम करत होता. तो तिथूनच ओरडला, "काकू, गाडी म्हातारी झाली तुमची. आता काय वाढाची नाय!"

काकूंनी आवाजाच्या दिशेने वळून बघितलं. "हे पण म्हातारे झालेत रे. शर्ट दर वर्षी मोठाच लागतो!"

मी मोठी क्लिप दिली.

*

एक टेम्पोवाला देवनारहून येत होता. वाटेत क्लिप तुटली, पाइप निसटला. पठ्ठ्याने डोकं लढवलं, पायजम्याची नाडी काढली आणि पाइप करकचून बांधला. कुणाकडून मागून आणलेलं पाणी भरलं, टेम्पो गॅरेजपर्यंत पोचला. फक्त उतरताना एक हात दाराला आणि दुसरा पायजम्याला!

बागव्याने आधी इंजिनाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग मला हाक मारली, "दोन क्लिपा काढ रे! एक बारीक, आणि एक सगळ्यात मोठी!"

*

मधल्या काळात बागवे चारकोपला मुलगी बघून आला. मुलीच्या मामांनी विचारलं होतं, "मुलगी कशी हवी तुम्हाला?"

बागवे म्हणाला, "घट्ट नको, सैल नको. बसली की गळती बंद!"

संध्याकाळीच नकार. बागवे आम्हालाच विचारतोय, "माझा काय चुकला रे?" आम्ही हसलो खूप, पण त्याचा चेहरा बघून वाईटही वाटलं.

*

दिवाळी तोंडावर आली आणि मुलुंडचं स्थळ आलं. मुलगी सुनंदा, बालवाडीत शिकवणारी. आता ह्याला एकट्याला पाठवण्यात अर्थ नव्हता, म्हणून शेठ आणि मी बरोबर गेलो. जिन्यातच शेठनी दम भरला, "बागव्या, वर क्लिपचं नाव जरी काढलंस ना, तर मीच तुला गावच्या बसमध्ये बसवून येईन!"

बागवे इतका घाबरला की बोलेचना. पोहे झाले, गावाकडची चौकशी झाली. हा नुसता "हो" आणि "नाही". सुनंदाच्या वडिलांनी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, "कामाच्या वेळी बोलतो तो."

शेवटी वडील बागव्याला म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा."

शेठनी त्याच्या पायावर पाय ठेवला. सुनंदा चहाचा कप पुढे करत होती आणि बागव्याची नजर तिच्या बांगड्यांवर. गोल वस्तू दिसली की ह्या माणसाच्या तोंडून माप निघतंच, त्याला इलाज नव्हता.

"सव्वादोन!" बागवे म्हणाला.

शेठनी डोळे मिटून घेतले. आपला माणूस आता गेला गावाला, एवढंच माझ्या डोक्यात.

सुनंदाने बांगड्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बरोबर," ती म्हणाली. "पण आवळतात हो. चारकोपचं ऐकलंय मी. तुमच्या क्लिपांसारखा ह्यांना सैल करायला स्क्रू कुठे असतो?"

बागव्याने शेठच्या पायाखालून आपला पाय काढून घेतला.

"मगे," तो म्हणाला, "अडीचच्यो घेवया?"