आठव्या पाठातली शांतता

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी तंजावरला परतलो आणि एका रेकॉर्डिंग स्टुडिओत मेमरी कार्डांच्या प्रती काढण्याचं काम धरलं. यंत्र साधं आहे. वर मूळ कार्डाची एक खाच, खाली कोऱ्या कार्डांच्या पंधरा. काम ठरवून बटण दाबायचं आणि दिवे हिरवे होण्याची वाट पाहायची. खोलीत दुसरं कोणी नसतं. काही दिवस संध्याकाळपर्यंत मी एकही शब्द बोललेलो नसतो.

विजयादशमीच्या दुपारी तिरुवैयारुहून एक बाई आल्या. सत्तरीच्या, आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरातल्या. त्यांचे यजमान वीणा शिकवत, उन्हाळ्यात वारले. जाण्यापूर्वी त्यांनी बारा पाठ एका कार्डावर रेकॉर्ड केले होते. दुसरी प्रत कुठेही नव्हती. विजयादशमीला शिष्य गुरूकडे नवा पाठ घ्यायला येतात. या वर्षीही चौदा जण येणार होते, आणि त्यांना द्यायला बाईंकडे हे एवढंच होतं.

"चौदा त्यांना, पंधरावं मला," त्या म्हणाल्या. "साडेचारची बस धरायची आहे, अण्णा."

मी कार्ड खाचेत घातलं. लाल दिवा. पुन्हा घातलं, पुन्हा लाल. काढून उलटं केलं, तेव्हा सोनेरी पट्ट्यांवर वाळलेलं चंदन दिसलं, मधोमध कुंकू.

"अक्का, हे काय?"

"काल सरस्वतीपूजेत ठेवलं होतं. वीणा मुलीने नेली. मग पाटावर काय ठेवू, त्यांचा चष्मा?"

"निदान दुसऱ्या बाजूला लावायचं."

"त्या बाजूला कंपनीचं नाव होतं. कंपनीची पूजा करू?"

स्पिरिट आणि कापसाने पट्ट्या पुसायला अर्धा तास गेला. चौथ्या खेपेला दिवा हिरवा झाला. सगळं आधी संगणकावर उतरवून घेतलं आणि बाईंना सांगितलं, हे कार्ड आता पुन्हा वापरू नका, पट्ट्या झिजल्यात.

यंत्रात पडताळणीची सोय असते. प्रत मुळासारखी आहे एवढंच ती सांगते. मूळ धड आहे की नाही, ते सांगत नाही. म्हणून हेडफोन लावून मी प्रत्येक पाठ थोडा थोडा ऐकला. आठव्यात पंधरा मिनिटांनंतर आवाज थांबला. चंदनाने घात केला असं वाटलं. आवाज वाढवला. पंखा ऐकू आला, खुर्ची सरकली. रेकॉर्डिंगचं यंत्र तिकडे चालूच राहिलं होतं.

"ऐकलंस का?" बाईंचे यजमान म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा तेच. मग खोकला. पुढे जवळजवळ अर्धा तास फक्त पंखा.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी हेडफोन मागितला. आधी उभ्यानेच ऐकलं, मग स्टुलावर बसल्या.

"कधीचं आहे?"

मी फाइलची तारीख वाचली.

"मी पापनाशमला होते, बहिणीकडे. सांगून गेले होते. तरी विसरायचे."

शिष्यांच्या कार्डांतून तेवढा भाग काढू का, असं मी विचारलं.

"काढा. मुलं पाठ घ्यायला येतात."

तो भाग कापून नव्या कार्डावर मूळ तयार केलं, पडताळणीसह काम लावलं. पंधरा दिवे हिरवे झाले तेव्हा चार वाजले होते. बाईंनी चौदा कार्डं पिशवीत घातली. पंधरावं हातातच धरलं.

"यात ते नाही ना?"

"नाही."

"माझ्या कार्डात असू द्या."

मी पंधरावं पुसून पुन्हा काम लावलं. मूळ म्हणून आता न कापलेले पाठ. चौदा खाचा रिकाम्या. एका कार्डाला यंत्र पंधरा कार्डांइतकाच वेळ घेतं. ते मी त्यांना सांगितलं, आणि पुढची बस पाच वाजून दहा मिनिटांनी आहे हेही.

"मुलं ओसरीवर बसतील," त्या म्हणाल्या.

साडेचार वाजून गेले. एकच दिवा लुकलुकत होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.