उंदरांना घातलेले हरभरे

मी चौथी पास. एका संशोधन संस्थेत बावीस वर्षं उंदीर सांभाळले. हे सांगितलं की लोकांना किळस येते, नाहीतर माझी दया येते. दोन्हीची गरज नाही. कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत उंदीर फुकट होते, तिथे त्यांचा पगार मिळायचा. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाणं-पाणी घालायचं आणि रोज सकाळी प्रत्येकाचं वजन वहीत लिहायचं, एवढं काम.

शेवटच्या काही वर्षांत एक मुलगी पीएच.डी. करायला आली. वारज्याहून यायची आणि माझ्या आधी हजर असायची. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला मावशी. काही विचारलं तर नीट सांगायची. बाकीचे ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणून मोकळे व्हायचे.

तिचं काम असं होतं. बाईच्या अंडाशयात हॉर्मोन तयार होतं आणि रक्तातून सगळीकडे फिरतं. पण ते धरून ठेवणारी जागा ठरावीक ठिकाणीच असते. त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. गर्भाच्या पिशवीत अशा जागा पुष्कळ, म्हणून हॉर्मोन मिळालं की पिशवी वाढते. मॅडमना एका मुळीत असा पदार्थ सापडला होता की काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये तो बरोबर त्याच जागी जाऊन बसायचा. जिवंत अंगात तो तेच करतो का, हे आता बघायचं होतं. त्यासाठी उंदरांच्या माद्यांची अंडाशयं काढायची, म्हणजे त्यांचं स्वतःचं हॉर्मोन संपतं आणि पिशवी दोऱ्यासारखी बारीक होते. मग अर्ध्या माद्यांना मुळीतला पदार्थ तेलातून टोचायचा, अर्ध्यांना नुसतं तेल. शेवटी त्यांना मारून पिशव्यांचं वजन करायचं.

मी म्हटलं, “माझी पिशवी काढली तेव्हा कोणी वजन नाही केलं.”

“केलं असणार मावशी. तुम्हाला सांगितलं नसेल.”

ऑपरेशनं ती स्वतः करायची. बारीक काम. अंडाशयाचा तुकडा जरी आत राहिला तरी सगळं वाया.

एका खेपेला ऑपरेशननंतर माद्या खाईनात. खाण्याच्या गोळ्या दगडासारख्या कडक आल्या होत्या. वजनं उतरायला लागली, आणि वजन उतरलं की प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, पहिल्यांदा मलाच बोलणार. म्हणून मी घरून मोड आलेले हरभरे नेले. आमच्याकडे अशक्त माणसाला मोडाचं कढण देतात, तेच डोक्यात होतं. माद्यांनी फडशा पाडला. चार दिवसांत वजनं जागेवर आली. मग मी रोज मूठमूठ घालत राहिले. वहीत लिहिलं नाही. बाहेरचं खाणं घालू नये अशी पाटी दारावर होती, आणि मला वाचता येतं.

पिशव्या काढल्या तेव्हा मुळीवाल्या माद्यांच्या चांगल्या फुगलेल्या होत्या. नुसत्या तेलवाल्यांच्याही फुगलेल्या होत्या.

मॅडमनी दोन दिवस सगळं तपासलं. तेलाची बाटली, सुया, भुशाचं पोतं. मग मला विचारलं, की उंदरांना बाहेरचं काही खायला मिळालं का. मी नाही म्हणाले. ती पुन्हा विचारेल असं वाटलं होतं, पण तिनं विश्वास ठेवला.

सरांचं मत ठरलं होतं. ऑपरेशन कच्चं झालं, अंडाशयाचे तुकडे आत राहिले, मुलीचा हात बसलेला नाही. ते हे मोठ्यानं बोलायचे, म्हणजे दोन खोल्यांत ऐकू जायचं. तिची शिष्यवृत्ती संपायला थोडेच महिने होते. सोमवारपासून तिनं जनावरांच्या कामाला हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे प्रबंध तिथेच थांबला. ती स्वतःची कात्री-चिमटे पुसून डब्यात भरायला लागली.

मी तिचा हात बघितला होता. बावीस वर्षांत कितीतरी जणांचे बघितले. तिचा टाका दिसायचा नाही. मी सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की माद्यांना मी तीन आठवडे मोडाचे हरभरे घातलेत.

सरांनी चष्मा काढला. “पाटी कशाला लावलीय आम्ही? शोभेला?”

मी म्हटलं, चूक माझी आहे, पण ऑपरेशन चांगलं होतं, तेवढं लक्षात घ्या.

मग मला कळलं ते असं. कडधान्यांत एक पदार्थ असतो, तो आपल्या हॉर्मोनसारखाच त्या जागी जाऊन बसतो आणि पिशवी वाढवतो. मोड आले की तो आणखी वाढतो. म्हणजे मॅडम मुळीत जे शोधत होती, तेच मी फडक्यात बांधून नेत होते. यात नवा शोध काही नव्हता. सरांना हे आधीपासून ठाऊक होतं, फक्त हरभरे ठाऊक नव्हते.

मॅडम मला एवढंच म्हणाली, “मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो. खोटं बोलले मी.”

नंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते बरोबरच होतं. माझी वही काढून घेतली आणि मला काचेची भांडी धुवायला बसवलं. तेही बरोबर होतं. तिला सरांनी एक खेप पुन्हा करू दिली, शेवटची म्हणून.

त्या खेपेच्या पिशव्या काढायच्या दिवशी तिनं मला बोलावलं. सरही येऊन उभे होते. तिनं एकेक पिशवी बशीत ठेवली. तेलवाल्यांच्या सगळ्या दोऱ्यासारख्या. अंडाशयाचा कणही कुठे राहिलेला नव्हता. मग मुळीवाल्यांच्या काढल्या. त्याही दोऱ्यासारख्याच.

मी विचारलं, “म्हणजे मुळी खोटी?”

“बशीत खरी. अंगात खोटी.” तिनं चिमटा खाली ठेवला. “पण हात बरा आहे माझा.”

पुढच्या आठवड्यात नव्या मुलांना ऑपरेशन शिकवायचं काम सरांनी तिला दिलं. मुळीतला पदार्थ जिवंत अंगात काम करत नाही, असं तिनं प्रबंधात सरळ लिहिलं. प्रबंध मंजूर झाला.