प्रयागबाई मारबत पाहते

नागपूरची मारबत रंगवून सांगावी तर प्रयागबाईनेच. पिवळी मारबत अशी येते, काळी तशी येते, गावाची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या त्या दोन अवाढव्य कागदी बाया इतवारीत समोरासमोर भेटतात तेव्हा काय गलका होतो, हे सगळं ती हात नाचवून सांगायची. हातच नाचवायची, कारण पाय पोलिओने तिसऱ्या वर्षीच नेले होते. नरखेड तालुक्यातल्या आपल्या गावात, हाताने फिरवायच्या मशीनवर तिने अख्ख्या गावाचे परकर आणि बैलांच्या झुली शिवल्या. मशीनपाशी पोरं जमत. "आत्याबाई, तुम्ही सोता पाहिली का?" असं एखाद्याने विचारलं की ती म्हणे, "मंग! या डोळ्यानं पाहिली."

शुद्ध थाप! पाहायचा तिचा बाप, दरवर्षी. तिला त्या गर्दीत कोण नेणार? चाळीस वर्षं ही थाप खपली, पण एकसष्टी उलटली तशी ती बाईला टोचायला लागली. मरायच्या आधी हे खोटं खरं करायचंच, असं तिने मनाशी ठरवलं.

संधी मोतीबिंदूने दिली. ऑपरेशन झालं, आणि रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासणीला बुधवारी बोलावलं. बाईने शनिवार मागून घेतला. शनिवार म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा. डॉक्टरांना तिचा डाव काय कळणार! नागपुरात कचेरीत नोकरी करणाऱ्या कामिनीला, तिच्या भाचीलाही, कळलं नाही. तपासणी झाली, व्हीलचेअर घडी करून ऑटोत गेली, आणि मग आत्याबाईने तोंड उघडलं.

"डोळे तपासले, आता वापरून पाहू दे. इतवारीले ने."

"आत्या, पागल झाली का तू? आज तिथं मुंगीले जागा नाही!"

"मी काय मुंगी हाओ?"

कामिनीने कपाळावर हात मारला आणि ऑटोवाल्याला इतवारी सांगितली.

इतवारीत पोहोचल्या तर कामिनीचंच खरं ठरलं. खुर्चीत बसल्या बसल्या प्रयागबाईला काय दिसलं? कमरेचे पट्टे, शर्टांच्या पाठी आणि एकाच्या मागच्या खिशातला कंगवा. ढोल कानाशी वाजून राहिले आणि दिसतोय कंगवा! तिला रडू आलं, खरोखर आलं.

ते पाहिलं भैयाजीने. हा केळीवाला, माल सकाळीच संपलेला, हातगाडी रिकामी. "मावशी, रडता काहून? माहा ठेला खालीच हाय." कामिनी नको नको म्हणेपर्यंत चार जणांनी खुर्ची बाईसकट उचलून ठेल्यावर ठेवली, चाकांना विटा लावल्या, वरून दोरीने आवळली. कामिनी पाण्याची बाटली आणायला वळली आणि तेवढ्यात घोटाळा झाला.

मारबतींसोबत बडगे निघतात. महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा राग येईल त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि गाडीवरून मिरवायचा. आता ही बाई पाहा: काळा चष्मा, झगझगीत जांभळं लुगडं, दोरीने बांधलेली, आणि भीतीने लाकडासारखी ताठ. त्या दिवशी इतवारीत ठेल्यावर जे बसलं ते बडग्याच. "बडग्या आला, बाजू व्हा!" कोणीतरी ओरडलं. शंभर हात ठेल्याला लागले. भैयाजी ओरडत राहिला, पण ढोलांपुढे त्याचं कोण ऐकतो! एकाने बाईच्या गळ्यात पाटी घातली: रस्त्यातले खड्डे.

"खड्डे घेऊन जा रे बडग्या!"

प्रयागबाई घाबरली ती अर्धा मिनिट. मग तिला पोटातून हसू फुटलं. आयुष्यभर जिला लोक "जरा बाजूले सरकवा" म्हणत आले, तिच्यासाठी आज अख्खी इतवारी बाजूला होत होती! एक बाप तान्ह्या लेकराला घेऊन पुढे आला. रोगराई जावी म्हणून पोरांना मारबतीला टेकवतात, तसं त्याने ते बाईच्या गुडघ्याला टेकवलं.

"शंभर वर्साचा हो बापा," बडग्या म्हणाला.

तो माणूस लेकरू घेऊन असा काही मागे उडाला की तिघांच्या पायावर पडला. पाहणारे हसून हसून लोळायचे बाकी राहिले. बाई जिवंत आहे, तेव्हा आता थांबवू, असं कोणालाही वाटलं नाही. उलट ठेला आणखी जोरात निघाला, थेट चौकात, नेहरू पुतळ्यापाशी, सगळ्यांच्या पुढे.

आणि डावीकडून पिवळी आली. घरापेक्षा उंच. उजवीकडून काळी. ढोल इतके वाजत होते की ठेल्याच्या फळ्या थरथरल्या. बापाने सांगितलं होतं त्याच्या दसपट! तेवढ्यात कमरेचा फोन वाजला.

"आत्या, कुठं आहे वं तू? मी रडून राहिली इथं!"

"कामिने, भेटून राहिल्या!" प्रयागबाई किंचाळली. "दोघी भेटून राहिल्या, अन् मधात कोणीच नाही. फोन ठेव, मले पाहू दे!"