क्लचबाईंचा उघडणारा फोन

तिला सगळे क्लचबाई म्हणायचे, अर्थात मागून. तोंडावर ‘मॅडम’. गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या जुनाट पांढऱ्या गाडीत ती डाव्या बाजूला बसायची. तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता, आणि तिचा पाय त्यांच्यावरून सहसा हलत नसे. शिकणाऱ्याला वाटायचं आपण गाडी चालवतोय. प्रत्यक्षात गाडी चालवायची ती, आणि वर बोलायचीही.

“हे स्टिअरिंग आहे, लोंबकळायची दांडी नाही.”

“आरशात स्वतःकडे नका बघू. तिथे बघण्यासारखं काही नाही. मागे बघा.”

पन्नाशी उलटलेली ही बाई जगातल्या बहुतेक माणसांबद्दल एकच मत बाळगून होती, ते म्हणजे यांना हात नाहीत. दोन दोन हात लटकताहेत खांद्यांपासून, पण उपयोग शून्य. बँकेतले साहेब, कॉलेजातल्या पोरी, डॉक्टर, सगळे तिच्या शेजारी बसून घामाघूम होऊन गेलेले. कुणाचंच तिला कौतुक नव्हतं. नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा. घरातही तो तेवढंच बोलायचा, काय तो आकडा सांगायचा आणि गप्प बसायचा. त्यामुळे संसार बरा चालला होता.

तिचा जुना फोन चार्ज व्हायचा बंद झाला तेव्हा ती कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेली. केसांना तेलासारखं काहीतरी चोपडलेला दुकानदार स्वतःच्या फोनमधून डोळे न काढता म्हणाला, “नवीन घ्या.”

“बघितलात तरी का?”

“बघायचं काय त्यात? सगळं चिकटवलेलं असतं. उघडायला गेलं की काच जाते. टाका आणि नवीन घ्या.”

टाका! क्लचबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. रोज सकाळी सहापासून गाडीचा दात न् दात वाजवणारी माणसं ती सहन करत होती. गिअर घासले, क्लचप्लेट जळाली, तरी गाडी कुणी टाकली नव्हती. आणि हा दीडशहाणा खुर्चीतून न उठता तिला टाकायला सांगत होता. “तुमची मानही अशीच चिकटवलीय वाटतं,” म्हणाली, आणि तडक बाहेर पडली.

त्या रागाच्या भरात तिने तो फोन मागवला. स्वस्तातला, पण जाहिरातीत लिहिलेलं की मागचं झाकण नखाने निघतं, बॅटरी, स्क्रीन, चार्जिंगची खाच, सगळं घरच्या घरी बदलता येतं. खोक्यात इवलासा स्क्रूड्रायव्हरही होता. दुकानदाराच्या नाकावर टिच्चून घेतलेली वस्तू म्हणून पहिल्या दिवशी तिला तो आवडलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी वापरायला लागल्यावर नशा उतरली. फोन साबणाच्या वडीइतका जाड. खिशात घातला की कुर्ता एका बाजूला ओघळायचा. नकाशा उघडायला सांगितला तर एवढा वेळ विचार करायचा, की तोवर वळण मागे पडलेलं असायचं. आणि कॅमेरा! नवऱ्याचा फोटो काढला तर तो कावीळ झाल्यासारखा दिसला. “तब्येत दाखवून घ्या,” असं ती त्याला म्हणालीसुद्धा. मग खिडकीतल्या कुंडीचा काढला, तर तीही पिवळी.

पण हे बोलायचं कुणाकडे? स्वतःच हट्टाने घेतलेला. ती दात ओठ खाऊन वापरत राहिली.

धाकट्या भावाच्या नजरेतून मात्र तो सुटला नाही. हा भाऊ विमा विकायचा आणि दरवर्षी नवा फोन घ्यायचा. मग वर्षभर तो टेबलावर असा ठेवायचा, की समोरच्याने विचारलंच पाहिजे. त्याच्या वाढदिवसाच्या जेवणाला त्याने बहिणीचा फोन दोन बोटांत उचलला.

“ताई, हा फोन आहे की दाराला लावायचा अडसर?”

सगळे हसले. भावजय जरा जास्तच हसली.

“उघडतो तो,” क्लचबाई म्हणाल्या.

“उघडतो म्हणजे? आत काय डबा आहे जेवणाचा?”

पुन्हा हशा. नवरा खाली मान घालून जेवत राहिला. क्लचबाईंना त्या पातळ, चकाकत्या, काचेच्या फोनकडे बघून एकच वाक्य सुचलं होतं, पण तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत विषय बदलला. ते वाक्य गिळावं लागल्याचं तिला पुढे कित्येक दिवस खुपत राहिलं.

त्याच सुमारास तिच्याकडे एक पार्लरवाली शिकायला आली. हिची जीभ गाडीपेक्षा जोरात धावायची. गिअर टाकता टाकता ती गिऱ्हाइकांच्या नणंदा, त्यांचे मुरूम आणि कुणाच्या लग्नात काय बिनसलं ते सगळं सांगायची. गाडी सरळ बरी चालवायची, पण रिव्हर्स म्हटलं की डोळे मिटायची. अक्षरशः मिटायची.

“डोळे मिटून मागे काय दिसतं तुम्हाला?” क्लचबाई विचारायच्या.

“काहीच नाही ना मॅडम, म्हणूनच भीती वाटते.”

एका सकाळी रिकाम्या मैदानात रिव्हर्सचा सराव चालला होता. खुणेसाठी ठेवलेला प्लॅस्टिकचा शंकू आडवा झाला, म्हणून क्लचबाई खाली उतरून तो उभा करायला वाकल्या. खिशातून फोन घसरला. तो उचलायच्या आत गाडी मागे यायला लागली.

“थांबा! ब्रेक! ब्रेक!”

पार्लरवालीने जीव खाऊन पाय दाबला, तो ॲक्सिलरेटरवर. क्लचबाईंचा ब्रेक गाडीत आणि क्लचबाई बाहेर. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. तिने बाजूला उडी मारली, आणि मागचं चाक फोनवरून गेलं.

गाडी बंद पडून थांबली. पार्लरवाली खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. फोन मातीत रुतलेला. अंग धड होतं, पण काचेचं जाळं झालेलं.

“मॅडम, मी भरून देते. नवा घेऊन देते. मॅडम, बोला ना काहीतरी.”

क्लचबाईंनी फोन उचलून कुर्त्याला पुसला. “काही नको. हा दुरुस्त होतो,” म्हणाल्या. आणि स्वतःच दचकल्या. त्या फोनबद्दल चांगला शब्द तोंडातून निसटला होता, तोही साक्षीदारासमोर.

आता दुरुस्त करणं भाग होतं. नवऱ्याबरोबर त्याच्या ऑफिसात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर तिने कंपनीची साइट उघडली. तिथे ‘मैत्री’ नावाची कुणीतरी हात जोडून उभी होती. ती बाई नसून यंत्र आहे हे कळायला वेळ लागला.

“माझी स्क्रीन फुटली आहे,” क्लचबाईंनी टाइप केलं.

“अभिनंदन! आमची स्क्रीन मजबूत आहे,” मैत्री म्हणाली.

“माणूस द्या.”

“माफ करा, समजलं नाही. आपल्याला ‘माणूस’ या रंगाचं कव्हर हवं आहे का?”

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसून लोटपोट झाला. क्लचबाईंनी मैत्रीला, तिला जन्म देणाऱ्या इंजिनिअरांना आणि त्यांच्या शिक्षकांना असं काही सुनावलं की हसणारा कारकून उठून पाणी प्यायला गेला. शेवटी स्क्रीन मागवली गेली, पण ती कंपनीतून निघालीच नाही. ‘लवकरच’ असं रोज दिसायचं. तोवर बाईंकडे फोन नव्हता, म्हणून तिने नवऱ्याच्या बटणांच्या फोनचा नंबर शाळेत देऊन ठेवला. शिकणाऱ्यांचे फोन त्याला जायला लागले. तो प्रत्येकाला “राँग नंबर” सांगून ठेवून द्यायचा. तीन जणांनी दुसरी शाळा धरली.

“एवढं तरी बोलायचं ना, की ती माझी बायको आहे म्हणून!”

“त्यांनी बायकोला कुठे विचारलं? मॅडमना विचारलं,” तो म्हणाला.

स्क्रीन आली एकदाची. रविवारी सकाळी क्लचबाईंनी टेबल पुसून खिडकीजवळ ओढलं, बशी घेतली, चष्मा लावला. माहितीच्या कागदावर एक शब्द नव्हता, नुसते बाण. झाकण नखाने निघालं. स्क्रू एकेक सुटून बशीत पडले. फुटलेली काच उचलली तेव्हा तिला वाटलं, यात काय आहे! आता तो मान चिकटलेला दुकानदार इथे हवा होता.

मग नवी स्क्रीन. तिच्या मागे एक पातळ पट्टी, टोकाला चिमुकली पिन. ती खाचेत बसवायची. तिने बसवली, बटण दाबलं. अंधार. काढून पुन्हा बसवली. अंधार. तिने अंगठा टेकवून दाबलं, जसं ती गाडीतला ब्रेक दाबायची तसं.

“जरा हळू,” टॉर्च धरून उभा असलेला नवरा म्हणाला.

“तुम्ही मीटर वाचा तुमचे.”

तिने आणखी दाबलं. कट् असा बारीक आवाज आला. फोन काळाठिक्कर तो तसाच. तिच्या कपाळावर घाम आला. आपण मोडलं. नवं कोरं, इतके दिवस वाट बघून आणलेलं, आपल्या हाताने मोडलं. नवऱ्याने टॉर्च बंद केला आणि काही न बोलता चहा टाकायला गेला. त्याचं ते न बोलणं पहिल्यांदाच तिला झोंबलं.

सोमवारी पार्लरवालीने गाडीत बसताक्षणी विचारलं, “झाला का मॅडम फोन?”

“झाला.”

“बघू!”

“समोर बघा.”

तास संपेपर्यंत पार्लरवाली गप्प होती, म्हणजे तिलाही कळलं होतं. उतरताना क्लचबाईंनीच पिशवीतून ते खोकं काढलं. “झाला म्हणजे... उघडला.”

पार्लरवाली त्यांना तशीच पार्लरमध्ये घेऊन गेली. पार्लर म्हणजे दोन खुर्च्यांची खोली. एका खुर्चीत तोंडाला हिरवा लेप थापलेलं गिऱ्हाईक पडलेलं. पार्लरवालीने भिंग असलेला मोठा दिवा खाली ओढला, फोन त्याखाली धरला आणि एक डोळा बारीक केला.

“मोडलेलं नाही हो. पिनेवर पातळ पारदर्शक कागद चिकटलेला राहिलाय. तो आधी काढायचा असतो. नखं लावताना आमचंही असंच होतं.” तिने केस उपटायचा चिमटा पुढे केला. “घ्या.”

“तुम्हीच काढा.”

“नको. मी काढलं तर तुम्हाला कधी येणार?”

हे वाक्य क्लचबाईंचंच होतं. रोज चार वेळा तरी ती कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात हाणायची. तिने रागाने वर पाहिलं, पण पार्लरवालीच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तिने चिमटा घेतला. टोक कागदावरून दोनदा निसटलं.

“कोपर टेकवा टेबलाला. आता श्वास सोडा. धरून नका ठेवू. हां. ओढू नका, सोलायचंय.”

“कळतं मला.”

“कळतं, पण हात ऐकत नाही ना. ऐकेल.”

कागद निघाला, नखाच्या चंद्रकोरीएवढा. तिने पट्टी खाचेवर ठेवली आणि या वेळी दाबली नाही, नुसतं बोट टेकवलं. टक् असं बसलं. फोन उजळला. हिरव्या लेपातून गिऱ्हाईक म्हणालं, “वा!” आणि लेपाला तडा गेला.

आभार मानणं क्लचबाईंना माहीत नव्हतं. “उद्या लवकर या,” म्हणाल्या. “रिव्हर्स.”

यानंतर ती मवाळ झाली असं कुणाला वाटत असेल, तर त्याने तिच्या शेजारी एकदा बसून बघावं. फरक पडला तो एवढाच, की दुसऱ्या दिवशी पार्लरवाली मागे येत होती तेव्हा क्लचबाईंनी पाय ब्रेकवरून उचलून मागे घेतला. गाडी नागमोडी आली, शंकू आडवा केला आणि थांबली. पार्लरवालीचे डोळे उघडे होते. लायसन्सच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली, मग पास झाली. पहिल्या वेळच्या परीक्षकाला क्लचबाई अजून ‘तो हात नसलेला’ म्हणतात.

पावणेदोन वर्षांचा भावाचा तो चकाकता फोन एका संध्याकाळी काळा पडला. यंदा धंदा मंद, म्हणून नवा घेतला नव्हता. सेवा केंद्रात त्यांनी सांगितलं, काही होत नाही, बदला. भाऊ थेट बहिणीकडे आला, शर्ट बाहेर, तोंड उतरलेलं.

“ताई, तो तुझा स्क्रूड्रायव्हर आहे ना? जरा बघतेस?”

क्लचबाईंनी फोन उलटा केला. कडेने बोट फिरवलं. ना स्क्रू, ना खाच, ना फट. गुळगुळीत काच. वाढदिवसाला घासाबरोबर गिळलेलं वाक्य आता वर आलं.

“याला दारच नाही रे. आत कुणी मेलं तरी बाहेर कळायचं नाही.”

म्हणाली, पण हवी तशी मजा आली नाही. भाऊ हसला नाही, चिडला नाही. खुर्चीत बसून म्हणाला, “उद्या सकाळी दोन गिऱ्हाइकांच्या सह्या आहेत. आज फोन केला नाही तर ते दुसऱ्याकडे जातील.”

क्लचबाईंनी टाचणीने त्याच्या फोनमधलं सिमकार्ड काढलं, स्वतःच्या फोनचं झाकण उघडलं आणि दुसऱ्या खाचेत ते बसवलं. फोन त्याच्या हातात आपटला. “घे. अडसर.”

तो जेवणाच्या टेबलाशी बसून तास दीड तास फोन करत होता. कुठले नंबर आठवणीतून, कुठले जुन्या पावत्यांवरून. मध्येच तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. काम झाल्यावर तो जरा सैलावला, फोन उलटसुलट करून बघायला लागला, कॅमेरा उघडून मेहुण्याकडे रोखला.

“ताई, भावोजी असे पिवळे का दिसताहेत?”

“परत दे तो,” क्लचबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्याने नवा फोन घेतला, आधीच्याहून पातळ. हप्त्यांवर. क्लचबाईंनी तो हातात धरून बघितला, काही न बोलता परत दिला आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथून नवऱ्याला जे ऐकवलं ते बाहेर बसलेल्या भावाला स्वच्छ ऐकू गेलं.