मे महिन्यातली गार सळई

सगळ्यात आधी सांगून टाकतो — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचतो, पण भीती वाटावी म्हणून नाही... लिहिणारा नेमका कुठे फेकतोय ते शोधायला. स्वभावच तसा. दुधात बोट बुडवून बघतो, पेट्रोल भरताना मीटरवरची नजर काढत नाही. बायको म्हणते, “तुम्ही प्रसादाचा शिरासुद्धा आधी हुंगता.” तेव्हा तुम्ही माझ्यावर जो काही संशय घ्याल तो मी स्वतःवर आधीच घेऊन बसलोय, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचा. माणसांची नावं बदलली आहेत.

मी राहतो धरमपेठेत. काटोल रोडने शहराबाहेर पडलं की सिमेंटचे विजेचे खांब बनवणारा एक कारखाना लागतो, तिथे मी क्वालिटी सुपरवायझर आहे. काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सळया आणि रिंगा तारेने बांधून खांबाच्या लांबीचा पिंजरा तयार करतात. साच्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्याला आतून जळकं ऑइल फासायचं, त्यात पिंजरा उतरवायचा, आणि सिमेंटचे छोटे ठोकळे — कव्हर ब्लॉक — बांधून तो असा अधांतरी बसवायचा की सळई फर्म्याला कुठेही टेकता कामा नये. टेकली तर ती खांबाच्या अंगावर उघडी पडते, गंजते, आणि एक दिवस खांब मोडतो. तेव्हा वर लाइनमन असला तर? आणि एकदा काँक्रीटचा माल ओतला की आत काय चाललंय ते ब्रह्मदेवालाही दिसत नाही. माझ्यासारख्या संशयी माणसाला तिथे पगार मिळतो तो याच्यासाठीच.

पिंजरे बसवायचं काम गजाननकडे. हा जवळच्या खापा गावचा, रोज मोटरसायकलने येतो. त्याच्या आधी त्याचे वडील इथेच हेच काम करायचे. मी लागण्याच्या थोडं आधी म्हाताऱ्याला लकवा मारला, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची एक पद्धत मात्र कारखान्यात राहिली होती. पिंजरा पक्का बसला की बसवणाऱ्याने तार पिळायच्या हुकाने फर्म्याच्या काठावर दोनदा वाजवायचं — टक, टक. मग सुपरवायझरने आत बघायचं आणि म्हणायचं, “भरा.” तोवर मिक्सरवाला माल सोडत नाही.

दुसरी पद्धत मी बंद केली होती. शेंड्याकडच्या शेवटच्या रिंगेला गजानन एक जादा गाठ मारायचा. कशाला, असं विचारलं तर म्हणाला, “बाबा म्हनत, वर चढनाऱ्यासाठी एक.” ऐकायला छान आहे, पण खांबागणिक तार जास्त जाणार, आणि त्या नावाखाली तारेचं एखादं भेंडोळं घरी जात नसेल कशावरून? मी सांगितलं, आजपासून नको. त्याने लगेच मान डोलावली. तेव्हा तर मला जास्तच संशय आला.

आता तो दिवस. मे महिना, नागपूरचं ऊन... बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कारखान्याच्या अंगणावर हिरवी नेट बांधली आहे, तरी सळई उघड्या हाताने धरवत नाही. सगळे जण डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून काम करतात, दिसतात ते फक्त डोळे. जेवणाच्या सुट्टीआधी शेवटच्या फर्म्यात गजाननने पिंजरा नुसता उतरवून ठेवला होता, ब्लॉक बांधायचे बाकी होते. “जेवून आलो का बसवतो,” म्हणाला.

मी डबा खाऊन आलो तर तो शेवटच्या फर्म्यापाशी उकिडवा बसून गाठी मारत होता. तोंडाला दुपट्टा, हातात हुक. मला आश्चर्य वाटलं ते त्याच्या पायांचं. अनवाणी! त्या जमिनीवर कुत्रं उभं राहत नव्हतं.

“गजानन, बूट कुठे गेले? पाय भाजून घ्यायचेत का?”

त्याने मान वर केली नाही. हुक उचलला आणि काठावर वाजवलं. टक, टक.

मी वाकून बघितलं. ब्लॉक जागच्या जागी होते. अंतर बघायला मी सळई आणि फर्म्याच्या मध्ये अंगठा घालतो, चटका बसू नये म्हणून हातमोजा घालून. त्या दिवशी हातमोजा ऑफिसात राहिला होता. म्हटलं, एकदा तसाच घालू... आणि मी दचकून हात मागे घेतला. सळई गार होती. माठाच्या बुडासारखी. शेजारच्याच फर्म्याला माझं कोपर लागलं असतं तर कातडी सोलून निघाली असती, आणि ही गार! मनात आलं, याने पाणी मारलं असणार, सांगूनही ऐकत नाहीत. पण अंगठा कोरडा होता.

मिक्सरवाला खोळंबला होता. मी म्हणालो, “भरा.” माल पडला, व्हायब्रेटर सुरू झाला. वळून बघतो तर गजानन नव्हता. म्हटलं, गेला असेल पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा तो त्या फर्म्यापाशी डोक्याला हात लावून उभा होता.

“सायेब, हे कोनं भरलं जी? याच्यात तं ब्लॉकच नव्हते!”

“तूच तर बसवलेस. माझ्यासमोर टकटक केलीस.”

“मी? मी तं जेवनाच्या सुट्टीतच खाप्याले निंघून गेलो. बाबाचं अंग गार पडलं म्हून घरून फोन आला. सुमनबाईले सांगून गेलो.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी मानलं असतं का जी?”

मानलं नसतंच. सुमनबाई फर्म्यांना ऑइल फासते, तिला बोलावलं. ती म्हणाली, “गेला न जी थो, मी सोता पायला. मंग दुपारी त्याले पायलं तं मले वाटलं वापस आला.” म्हणजे ही पण सामील! गेटचा कॅमेरा बघितला. गजाननची मोटरसायकल बाहेर पडताना दिसली, परत येताना दिसली नाही. पण मागची भिंत छातीएवढीच आहे. गडी उडी मारून आला, कसेबसे ब्लॉक अडकवले आणि पळाला, आता ‘मी नव्हतोच’ म्हणतोय. उद्या खांब मोडला तर ‘भरा’ म्हणणारा कोण? मी. माझ्या डोक्यात हे चित्र पक्कं बसलं.

मी मालकांच्या कानावर घातलं. ते बाहेर आले, सगळ्यांसमोर म्हणाले, “फोडा. सळई टेकलेली निघाली तर गजानन आजच्या आज घरी.”

गजाननचा चेहरा उतरला. “फोडा जी. मी खोटं नाई बोलून राहिलो. पन नोकरी गेली तं बाबाले कुठून पाहू, येवढं सांगा.”

खांब फर्म्यातून काढला आणि घनाने बुडाकडून फोडत गेले. मी पट्टी घेऊन मागे. खरं सांगतो, मला चूक सापडायला हवी होती. एका जागी तरी सळई टेकलेली दिसावी, म्हणजे सगळ्याचा उलगडा झाला असता! पण नाही. बुडापासून वरपर्यंत पिंजरा मधोमध, एक ब्लॉक सरकलेला नाही, तारेचं एक टोक बाहेर आलेलं नाही. इतका नेटका पिंजरा मी आमच्याकडे पाहिला नव्हता. शेवटी शेंडा फुटला, आणि शेवटच्या रिंगेवर... जादा गाठ.

“सापडलास!” मी ओरडलोच. “ही गाठ मी बंद केली आहे. तुझ्याशिवाय कोण मारणार?”

गजानन पुढे आला, खाली बसला आणि दुपट्ट्याने गाठीवरचं सिमेंट पुसू लागला. पुसता पुसता थांबला. “माही गाठ अशी नसते जी. मी टोक तोडून टाकतो. हे आत वळवलं हाय.”

“मग कोणाची आहे?”

तो उठला, नळावर गेला आणि पुन्हा पुन्हा तोंड धूत राहिला.

मालकांच्या दृष्टीने विषय संपला. चांगला खांब फोडायला लावला म्हणून मीच बोलणी खाल्ली आणि गजाननची नोकरी राहिली. पण माझं काय? मला घास गोड लागेना. रविवारी बायकोला म्हणालो, खाप्याला जाऊन येतो, गजाननचे वडील आजारी आहेत.

“बघायला चाललात की तपासायला?” तिने विचारलं. मी स्कूटरची किल्ली घेतली.

तपासायलाच चाललो होतो. म्हातारा खरंच आहे का, आजारी आहे का, आणि जमलंच तर घरात तारेचं भेंडोळं दिसतं का. कन्हान नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत घर सापडलं. गजानन औषधं आणायला सावनेरला गेला होता. त्याची बायको शालू हिने खुर्ची दिली, चहा ठेवला. मी कोपरे न्याहाळून घेतले. तार कुठेच नव्हती.

लोखंडी खाटेवर म्हातारा पडलेला होता. लकव्याने उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. डोळे तेवढे उघडे, आढ्याकडे. म्हणजे गजानन एवढं तरी खरं बोलला होता.

“त्या दिवशी काय झालं होतं?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“दुपारी मामाजीचं सारं अंग बर्फावानी गार पडलं, बाप्पा! हाका मारल्या, डोळे उघडे, पन पायतच नव्हते. म्हून यायले कारखान्यात फोन केला. हे घरी पोचले तरी तसेच. मंग जरा वेळानं आपसूकच गरम झाले. पन तवापासून हे पाहा न...” तिने सासऱ्याचा उजवा हात चादरीतून बाहेर काढला. बोटं काळी होती. “साबन लावला, राकेल लावलं, जाऊनच नाई राहिलं. हे म्हनतात, माह्याच हाताचं लागलं असन.”

मीही तेच धरलं. कारखान्यातून आलेला मुलगा बापाचा हात धरणारच, त्यात काय? पण खोड जात नाही. मी खाली वाकलो आणि बोटं हुंगली. जळकं ऑइल. आमच्या फर्म्याचं. आणि अंगठ्याच्या पेरावर बारीक ओरखडे होते, उघड्या हाताने तार पिळली की उठतात तसे, अजून लालसर. ऑइल मुलाच्या हाताचं लागेल हो... ओरखडे कसे लागतील?

मी अजून वाकलेलाच होतो. तेवढ्यात तो हात हलला. हललेला मी बघितला. बोटं वाकली आणि खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटली. टक, टक.

शालूच्या हातातली बशी खाली पडली. “साल झालं, थो हात हलला नाई जी,” ती एवढंच म्हणाली.

म्हातारा आता आढ्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मला त्याने ओळखलं म्हणावं तर आम्ही आयुष्यात भेटलो नव्हतो. पण ती नजर मी रोज बघतो. पिंजरा बसवून झाला की माणूस सुपरवायझरच्या तोंडाकडे असाच बघत थांबतो. मला घाम फुटला होता, पळून जावंसं वाटत होतं, आणि तो थांबलाच होता.

“काम बरोबर आहे, बाबा,” मी म्हणालो. “कुठेच टेकलेलं नाही. वरची गाठ पण बघितली मी. गजाननच्या नोकरीला काही होत नाही... भरा.”

म्हाताऱ्याने डोळे मिटले. शालू घाबरून धावली, पण श्वास नीट चालू होता. झोप लागली होती त्यांना. तो खांब आम्ही घनाने फोडून टाकला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ही गोष्ट मी गजाननशी कधी बोललो नाही, तोही बोलत नाही. जादा गाठ मात्र परत सुरू केली. मालकांनी तारेबद्दल विचारलं तर सांगतो, क्वालिटीसाठी लागते. म्हातारा अजून आहे. हात पुन्हा हलला नाही म्हणे.

तुम्ही म्हणाल, दुसराच कोणी कामगार असेल, उन्हाने डोकं फिरलं असेल, लकव्यात कधी कधी हात हलतो, ओरखडे खाटेच्या तारेचे असतील. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय, एकेक वेगळं घेतलं तर पटतंही. सगळं एकत्र ठेवलं की माझ्याकडे उत्तर नसतं. कोणाकडे असेल तर जरूर कळवा, मी ते तपासून बघीनच.

एक सवय तेवढी लागली आहे. मे महिन्यात जेवणाच्या सुट्टीनंतर मी हातमोजा न घालता प्रत्येक पिंजऱ्यात अंगठा घालतो. मिक्सरवाला हसतो. अजूनपर्यंत दर वेळी सणसणून चटका बसला आहे, आणि चटका बसला की मला बरं वाटतं. म्हणजे म्हातारा घरीच आहे.