दाजींचा घाट

परभणी जिल्ह्यात राहून फ्रान्समधला डोंगर उरावर घेतलेला माणूस जगात एकच, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या पदरी पडला. दाजींचं गंगाखेडात हार्डवेअरचं दुकान. एका जुलैत पाऊस रुसला होता, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, म्हणून त्यांनी मोबाईलवर तुर्माले नावाच्या घाटातली सायकलींची शर्यत बघितली. झालं! तेव्हापासून कुणी खिळे मागितले की दाजी आधी तुर्मालेचा चढ सांगतात, मग खिळे देतात. पूर्वी तिथले सायकलवाले घाटमाथ्यावर छातीशी वर्तमानपत्र कोंबत, उतारावर गार वारा बाधू नये म्हणून, हे कळल्यावर दाजी आपल्या भर मे महिन्यात सदऱ्यात पेपर घालून सायकलवर उतार उतरू लागले. घरी आल्यावर अक्का आधी पेपर मागून घ्यायची. तिचं राशिभविष्य राहिलेलं असायचं, आणि ते घामानं भिजलेलं निघायचं.

राणीसावरगावच्या वाटेवर बालाघाटाचा एक चढ आहे. एसटीचा ड्रायव्हर तिथं गिअर बदलतो, एवढंच त्याचं मोठेपण. दाजींनी त्यालाच आपला तुर्माले मानलं. नियम कडक होता. पाय टेकायचा नाही आणि कुणाचा हात लागू द्यायचा नाही. "पाय टेकला की घाट बाटला," असं ते म्हणत.

पण आमच्याकडं चढावर हाफणारा माणूस दिसला आणि त्याला विचारलं नाही, तर बघणाऱ्यालाच जेवण गोड लागत नाही. टेम्पोवाला थांबून म्हणायचा, "दाजी, कशाला जीव काढून घ्यायलाव? टाका सायकल माघं!" शेतातून कुणी ताकाचा तांब्या घेऊन आडवं यायचं. तांब्या नाकारणं दाजींच्या रक्तात नव्हतं. पाय टेकायचे, ताक प्यायचे आणि निमूट पायथ्याशी परत जायचे. एका पैलवानानं तर मागून असा रेटा दिला की दाजी निम्मा घाट फुकटात चढले. तेवढा ते परत उतरले. तो बिचारा आजही विचारतो, "माझं काय चुकलं?"

अशी वर्षं गेली आणि गुडघा गेला. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघा बदलावा लागेल, सायकल कायमची बंद. दाजी म्हणाले, "बंद करतो, पर एकदा घाट चढून." मी समजावलं, अक्कानं अबोला धरला. माणूस हटेना. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारची वेळ ठरवून ते वाटेवरच्या शेतातल्या प्रत्येक आखाड्यावर, वस्तीवर आणि हॉटेलात सांगून आले, "तिथं तुर्मालेला लोक बाजूनं पळतात, वरडतात, पर हात न्हाई लावत कुणी. मी पडलो तरी लावू नका."

त्या सकाळी माणसं रस्त्याच्या दोन्ही कडेला उभी होती, हात पाठीमागं बांधून. मोह आवरायला दुसरा उपाय नव्हता. ताकवाल्यानं तांब्या घरीच ठेवला होता. अबोला तसाच ठेवून अक्का माझ्या मोटारसायकलवर बसून आली आणि शेवटच्या वळणावर उतरली. दाजी आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. गुडघा वाकत नव्हता, हँडल डुलत होतं, सायकल जागच्या जागी थांबते की काय असं झालं. तेवढ्यात अक्कानं निऱ्या खोचल्या आणि ती पळायलाच लागली. "हाणा! हाणा की! दुकानात तर लय बोलता!" तिचा एक हात दाजींच्या पाठीमागं धरलेला, अगदी सदऱ्याजवळ, पण टेकलेला नाही. वळण संपेपर्यंत तो तसाच होता.

माथ्यावरच्या दगडापाशी लोकांनी आरोळी ठोकली. पण दाजींना उतरता येईना, पाय सायकलवरून निघेचना. त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही. हळूच म्हणाले, "आता धर गं."

तिनं धरलं. सायकल रस्त्यात आडवी पडली, चाक कितीतरी वेळ फिरत राहिलं, आणि दोघांनाही तिची आठवण झाली नाही.